स्विचचा दसरा

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला किती घाई आहे ते बघते. घाईत असेल तर ‘वायरीचं’ म्हणते आणि मोकळी होते. निवांत असेल तर सांगते, की दोन गावांतल्या दोन स्विचांची गाठ घालून देते. मग तो भिंतीवरच्या बटणाकडे बघतो. ते बटण नव्हे, मी म्हणते. चपटी लोखंडी पेटी असते, तिला पुढून ओळीने भोकं असतात, त्यांत कॉम्प्युटरच्या वायरी लावतात. इथपर्यंत आलं की समोरचा समजल्यासारखी मान हलवतो आणि विचारतो, “मंग आमच्या घरचं वाय-फाय काहून चालत नाई?” या एका प्रश्नाचं उत्तर देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेल्या निम्म्यात मी अशा गाठी घातल्या. त्यांना आमच्या धंद्यात टनेल म्हणतात. त्यातलं एक टनेल मी मनाविरुद्ध बांधलं, आणि नेमकं तेच सगळ्यांत चांगलं झालं.

माझे वडील केनवडला असतात. गावाला लागून आमचं लहानसं वावर आहे, विहीर आहे, आणि त्यात ते भाजीपाला करतात. वांगी, मिरची, मेथी, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. वाशीमला इतकी वर्षं राहूनही मला कोथिंबीर म्हणवत नाही. दसरा-दिवाळीच्या बेताने एका कोपऱ्यात झेंडू. आई गेल्यापासून बाबा एकटेच आहेत. मी एकुलती एक, वाशीमला नवऱ्याच्या घरी. एकटेपणाचं त्यांना काही वाटत नाही, जे वाटायचं ते मलाच वाटतं. तरुणपणी त्यांना छातीचा क्षय झाला होता. तो बरा झाला, पण फुप्फुसावर डाग राहिला. वाशीमचे डॉक्टर म्हणतात, दर काही महिन्यांनी छातीचा फोटो काढून तो डाग आहे तेवढाच आहे ना ते बघत राहायचं, आणि खोकला वाढला तर लगेच यायचं. आता केनवडहून वाशीमला यायचं म्हणजे एसटीची वाट बघायची, धूळ खायची, दवाखान्यात रांगेत बसायचं आणि परत जायचं. एवढं करून घरी पोचले की खोकला दुप्पट झालेला. मग ते यायचं टाळत, आणि मी चिडत असे.

मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि त्यांनी मला सांगितलंच नाही. शेजारच्या वावरातल्या माणसाचा फोन आला तेव्हा कळलं. मी गाडी काढून गेले, तर हे पांघरूण घेऊन पडलेले आणि तिकडे वांग्यांना पाणी चालू. मी रडले, आणि रडता रडता भांडले.

“आता बस झालं बाबा. चला माह्यासंगं.”

“मी आलो तं वावर कोण पायन?”

“बटईनं द्या कोणाले.”

“अन् मी तिथं का करू? तुया गॅलरीतल्या कुंड्याइले पानी टाकू?”

माझा राग आणखी वाढला. वाशीमला परत येऊन मी खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली. पलंग टाकला, पडदे शिवले, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. नवरा म्हणाला, अगोदर त्यांना विचार तरी. मी म्हटलं, विचारलं की ते नाही म्हणतात. खोली तयार झाली, माणूस तेवढा यायचा राहिला.

अशात वाशीमच्या एका धर्मादाय दवाखान्याने केनवडला लहानशी शाखा काढली आणि तिथे एक्स-रेचं मशीन बसवलं. फोटो केनवडला काढायचा आणि वाशीमला बसलेल्या डॉक्टरांनी तो पडद्यावर बघून काय ते सांगायचं, अशी योजना. त्यासाठी दोन्ही दवाखान्यांतले स्विच टनेलने जोडायचे होते, आणि हे काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. व्यवस्थापक म्हणाले, दिवाळीपर्यंत चालवून बघू. लाईन भरवशाची निघाली तर मशीन केनवडला राहू देऊ, नाहीतर उचलून इकडे आणू.

ही बातमी घेऊन मी केनवडला गेले, तर बाबांना ती आधीच लागलेली होती.

“मंग आता मले वाशीमले याचं का काम?” ते मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाले. “फोटो तं इथंच निंगन.”

“लाईन चालली तं निंगन,” मी म्हटलं.

“नाई चालनार का?” ते हसून म्हणाले.

मला ते हसणं सहन झालं नाही. माझी खोली, माझे पडदे, माझा दांडा, सगळं त्यांनी एका वाक्यात मोडीत काढलं होतं. मी तिथल्या तिथे बोलून गेले, “असं करू. घट बसल्यापासून पाडव्यापावतर लाईन एक दिवस बी बंद पडली नाई, तं राहा इथंच. मी पुन्हा नाव काढनार नाई. पण एक दिवस जरी पडली, तं माह्या घरी याचं. बिगर बोलता.”

“लाईन बांधनार कोन?”

“मी.”

“मंग नाई पडत,” बाबा म्हणाले आणि बाजारात सौदा ठरल्यावर देतात तशी त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली.

आता यात माझी पंचाईत बघा. लाईन पडली तर बाबा घरी येणार होते, आणि लाईन पडू न देणं हे माझं काम होतं.

टनेल म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. केनवडच्या दवाखान्याचं जाळं वेगळं, वाशीमच्या दवाखान्याचं वेगळं, आणि मधे सगळ्या जगाचं इंटरनेट. रोग्याचा फोटो त्यातून उघडा पाठवायचा नसतो. आणि पाठवला तरी तो पोचणार नाही, कारण वाशीमच्या दवाखान्यातला आतला पत्ता बाहेर कुणाला ठाऊकच नसतो. म्हणून केनवडचा स्विच ते पाकीट आणखी एका पाकिटात घालतो, वर वाशीमचा बाहेरचा पत्ता टाकतो, कुलूप लावतो आणि सोडून देतो. वाशीमचा स्विच वरचं पाकीट फाडतो आणि आतलं जसंच्या तसं पुढे देतो. मधल्या कुणाला आत काय आहे ते कळत नाही. दोन्ही टोकांना वाटतं, आपण एकाच खोलीत आहोत.

मी केनवडच्या दवाखान्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले तेव्हा बाबा समोरच्या बाकावर येऊन बसले होते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे आपल्या पायपावानी.” आमच्या विहिरीचं पाणी खालच्या पट्टीत न्यायला शेजाऱ्याच्या वावराखालून पाईप घातलेला आहे. “त्याचं सोयाबीन वरून, आपलं पानी खालून. त्याले वल बी लागत नाई.” मी म्हटलं, हो, तसंच. त्यांना पटलं, आणि माझी चहाची सोय झाली.

टनेल पहिल्याच दिवशी उभं राहिलं. इकडून हाक दिली की तिकडून ओ येत होती. पण फोटो पाठवला की तो वाटेतच कुठेतरी नाहीसा व्हायचा. लहानसहान निरोप जात, मोठं काही जात नसे. लाईन पुरवणाऱ्या माणसाशी मी फोनवर बरीच हुज्जत घातली, आणि मग माझ्याच लक्षात आलं. पाकिटावर पाकीट चढवलं की ते मूळच्यापेक्षा जाड होतं. मधल्या वाटेवर जाडीची मर्यादा ठरलेली असते. त्याहून जाड काही आलं की ते गुपचूप टाकून दिलं जातं, कुणी कुणाला कळवत नाही. मी दोन्ही टोकांच्या स्विचांना सांगितलं, आतलं पाकीटच जरा बारीक बांधा. त्यानंतर फोटो सुरळीत जायला लागले.

त्या दिवशी परतताना वाटलं, बाबांचं नि माझं फोनवरचं बोलणंही असंच आहे. जेवले का, हाव. पानी आलं का, हाव. इतपत नीट जातं. मला तुमची काळजी वाटते, तुम्ही मला जवळ हवे आहात, एवढं मोठं काही पाठवायला गेलं की ते मधेच अडकतं आणि पलीकडे नुसतं भांडण पोचतं. लहान लहान करून पाठवायची युक्ती मला स्विचच्या बाबतीत सुचते, बाबांच्या बाबतीत नाही.

कुणी म्हणेल, मनात नव्हतं तर काम जरा ढिलं सोडायचं. मला ते जमत नाही. यात सद्गुण वगैरे काही नाही, हट्ट आहे, आणि तो मला बाबांकडूनच आलाय. किडकं एक वांगं त्यांनी कधी टोपलीत जाऊ दिलं नाही. मी दणकट बॅटरी लावली, कारण केनवडची लाईट मला ठाऊक आहे. मशीनच्या वायरी स्विचच्या सुरुवातीच्या भोकांत लावल्या, बाहेरून येणारी लाईन अगदी शेवटच्या भोकात, आणि मधली भोकं मुद्दाम मोकळी ठेवली, पुढे गरज पडली तर असावीत म्हणून. कुठल्या भोकात काय येणार हे स्विचला आधी सांगून ठेवावं लागतं. मागाहून वायर दुसऱ्या भोकात गेली तर तो बिचारा काही ओळखत नाही. म्हणून प्रत्येक वायरीला पिवळी चिठ्ठी चिकटवली, आणि एक्स-रे काढणाऱ्या मुलीला बजावलं की याला कुणी हात लावायचा नाही. ती केनवडचीच. गावातच नोकरी मिळाली म्हणून खुशीत होती, आणि मशीन इथेच राहावं असं तिलाही मनापासून वाटत होतं.

“ताई, मी हाये तोवर कोनी बोट बी लावत नाई,” ती म्हणाली.

घट बसले. माझ्या फोनवर दोन ठिपके असत, एक वाशीमचा, एक केनवडचा. दोन्ही हिरवे म्हणजे टनेल शाबूत. सकाळी उठून मी आधी केनवडचा ठिपका बघायची. तेवढ्यात बाबांचा फोन. भाजी विकून झाली की ते दवाखान्यात डोकावून येत आणि मग मला विचारत, “हिरवी हाये न?” मी म्हणायची, “हाये.” त्या एका शब्दात त्यांना काय आनंद व्हायचा तो मला इकडे ऐकू येई. कधी कधी मनात यायचं की हा ठिपका एकदाचा लाल होऊ दे. आणि तसं मनात आलं की स्वतःचाच राग येऊन मी त्याच दिवशी लाईन पुन्हा तपासून बघायची.

दसऱ्याला तो लाल झाला.

मी पुरण वाटत होते. फोन ओट्यावरच होता. एकदा वाटलं, लाईट गेली असेल. पण बॅटरी होती. दवाखान्याला सुटी. एक्स-रेवाली मुलगी घरच्यांबरोबर आदल्या दिवशीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती; त्यांचा दसरा तिथे असतो. किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे होती. त्यांना फोन लावला.

“मावशी, लाईट हाये का?”

“हाये न ताई.”

“पेटीवरच्या बत्त्या?”

“हिरव्या हायेत. लुकलुक करून राह्यल्या. आज तं पेटी लय साजरी दिसून राह्यली.”

या शेवटच्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं बॅटरीत आणि लाईनीत अडकलेलं. मी इथून हाका मारून बघितल्या, केनवड ओ देईना. लाईन पुरवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडून सगळं ठीक आहे, दसऱ्याच्या शुभेच्छा.

मला काय वाटलं ते सांगते. आधी आनंद झाला. खालच्या खोलीतला पंखा पुसून घ्यावा, असंसुद्धा मनात येऊन गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ भयंकर संताप आला, की माझी लाईन पडूच कशी शकते. नवरा म्हणाला, आज सुटीच आहे, सणाचं जेवून सावकाश जा. त्याचं बरोबर होतं. मी पुरण झाकलं आणि निघाले.

वाटेत वावरा-वावरांत कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या होत्या, पण सोंगणीला माणूस दिसत नव्हता. ट्रॅक्टर धुऊन उभे, मळणीयंत्रांना हार, पिठाच्या गिरण्या बंद. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्या त्याच्या अवजाराला विसावा असतो. ते पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, फुलं वाहायची आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. हे सगळं बघत बघत मी केनवडला पोचले, आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मावशींनी दार उघडलं. आत स्विच होता, पण मी बसवला तेव्हाही तो इतका चकचकीत नव्हता. मधोमध हळद-कुंकवाची बोटं. या टोकापासून त्या टोकापर्यंत टपोऱ्या झेंडूचा हार. पुढे उदबत्ती विझलेली आणि नारळाचा तुकडा. आणि खाली सगळ्या वायरी पहिल्या भोकापासून एकीला लागून एक, ओळीने लावलेल्या, मधे एकही जागा मोकळी नाही. सारख्या अंतरावर सुतळीने बांधलेल्या. पिवळ्या चिठ्ठ्या गायब.

“हे कोनं केलं?”

“तुमच्या बाबानं. सकाळीच आले झेंडू घेऊन. म्हने, हे माह्या पोरीचं अवजार हाये, त्याले धुतल्याबिगर दसरा कसा करता तुमी?”

“धुतलं?” मी ओरडलेच.

“पुसलं वो ताई, पुसलं. वल्ल्या फडक्यानं. मी अगोदर बटन बंद केलं होतं न. थे पिवळे कागद चिकटले होते थे बी घासून काहाडले त्याइनं. अन् वायरी लावता लावता म्हने, मधी लय नांग्या पडल्या हायेत, अशा कशा ठेवल्या पोरीनं.”

वाफ्यात एखादं रोप लागलं नाही की तिथे रिकामी जागा दिसते, तिला नांगी म्हणतात. चांगला बागवान नांगी राहू देत नाही, दुसरं रोप आणून भरतो. बाबांनी जन्मभर हेच केलं. माझ्या स्विचमधल्या नांग्या त्यांनी भरून टाकल्या होत्या, आणि बाहेरची लाईन शेवटच्या भोकातून काढून मशीनच्या शेजारी आणून लावली होती. लावल्याबरोबर बत्ती हिरवी झाली, म्हणजे रोप लागलं, असं त्यांना वाटलं असणार.

मी खाली फरशीवर बसून हसले. मावशीही हसल्या. मग माझं हसू गेलं, कारण यातून काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. पैज बाबा हरले होते, आणि तीही स्वतःच्या हातांनी.

लाईन मूळ भोकात लावायला काही वेळ लागत नाही. फोनवरचा ठिपका हिरवा झाला. हार मी काढला नाही, फक्त पेटीची हवा अडत होती तिथून सरकवला. नव्या चिठ्ठ्या लावून बाहेर आले तर बाबा बाकावर बसलेले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. शेजारी आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं बोचकं. मी फोन केल्यावर लाईन बंद पडल्याचं मावशींनी त्यांना सांगितलं होतं, आणि ते घरी जाऊन सामान बांधून आले होते.

“लागली का लाईन?”

“लागली.”

“पडली होती न पन?”

मी उरलेल्या चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या.

“मायाच हातानं पडली, आताच मावशीनं सांगतलं.” ते हाताकडे बघत म्हणाले. “मले वाटलं, तू लोकाइच्या लायनी जोडत फिरतं, तुया अवजाराची पूजा कोन करते? म्हून म्या केली.” मग उठायला लागले. “चाल. शब्द देल्ला होता. आता दिवाळीची वाट कायले पाहाची? सनाचा दिवस हाये, आजच येतो.”

मी बोचकं उचलायला वाकले. गाठीतून खुरप्याची मूठ बाहेर आली होती, अंगठ्याच्या जागी झिजलेली, आणि पात्यावर हळद-कुंकू.

“हे कायले घेतलं?”

“आज त्याची बी पूजा केली. मांगं टाकून कसं येऊ?” आणि म्हणाले, “तुया कुंड्याइले कामी पडन.”

ते टोमणा मारत नव्हते. खरंच तसं ठरवून आले होते. मला खालची खोली दिसली, पलंग, पडदे, दांडा, आणि त्या खोलीत हे खुरपं हातात घेऊन बसलेले बाबा. मला ते घरी हवे होते, फार हवे होते. पण असे नको होते. माझ्या अवजाराला फुलं वाहिली म्हणून वावर सोडावं लागलेले बाबा मला नको होते.

“बाबा, बसा,” मी म्हटलं. “लाईन पडली नाई. बंद ठेवली होती.”

“एकच झालं.”

“एक कसं? आमच्या कामात अगोदर ठरवून साफसफाईसाठी लाईन बंद ठेवली, तं थे कोनी मोजत नाई. आपोआप पडली तं मोजतात. सगळीकडं हाच नियम हाये.”

नियम खराच आहे. कुणालाही विचारा.

बाबांनी डोळे बारीक केले. एवढी वर्षं बाजारात बसलेला माणूस, तो असा सुटत नाही. “अगोदर ठरवून म्हंतं. म्या कोठी कोनाले सांगतलं?”

मी दवाखान्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. “दसरा कवा हाये हे थ्या कॅलेंडरवर पहिल्या दिवसापासून छापून हाये. दसऱ्याले अवजार बंद रायते, हे काय कोनाले वेगळं सांगा लागते?”

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. “हे तू मायासाठी म्हनून राह्यली.”

“नाई. व्यवस्थापकाइले बी मी हेच सांगनार हाये.” आणि पुढे मी तेच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, दसऱ्याच्या सुटीबद्दल आमची काही तक्रार नाही.

बाबांनी बोचक्याची गाठ सोडली आणि सगळ्यांत आधी खुरपं बाहेर काढलं. त्याची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. इतका वेळ त्यांनी स्वतःला कसं धरून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

“पुढल्या दसऱ्याले तुले इचारून पुसतो,” ते म्हणाले.

“पुसा. वायरी काढू नोका म्हंजे झालं.”

“नांग्या लय हायेत पन.”

“असू द्या.”

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवले. पिठलं-भाकर, सण असून. निघताना त्यांनी झेंडूचा आणखी एक हार माझ्या गाडीत ठेवला. वाशीमच्या पेटीला कुणी हार घातला का, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांना ते मुळीच आवडलं नाही. “एका टोकाले सन अन् दुसरं टोक सुनं? असं नाई चालत.” वाशीमला पोचल्यावर मी आधी दवाखान्यात जाऊन तो हार तिथल्या स्विचला घातला. राखणदार माझ्याकडे बघत राहिला. वायरींना मी हात लावला नाही.

दिवाळी झाली, पाडवा झाला. मशीन केनवडलाच राहिलं, बाबाही राहिले. शब्द दिला होता म्हणून मी पुन्हा नाव काढलं नाही. खालची खोली तशीच आहे, चादर मी बदलत असते.

थंडी पडल्यावर एका सकाळी मी दुसऱ्या कामासाठी वाशीमच्या त्या दवाखान्यात होते. एक्स-रेवाल्या मुलीचा फोन आला. “ताई, बाबाइचा फोटो पाठवून राह्यली. डॉक्टराइले सांगा.” मी डॉक्टरांच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर आधी काळं, मग खांद्याची हाडं, मग एकेक फासळी, आणि उजवीकडे वर तो जुना डाग. डॉक्टरांनी मागचा फोटो शेजारी लावला, दोन्हींकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “आहे तेवढाच आहे.” मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या खुर्चीत बसले. बाबांची सबंध छाती माझ्यासमोर होती. त्यांना वाशीमला आणायचं म्हणून मी एवढी भांडले होते, आणि ते वाशीमला आले ते असे.

माझा फोन वाजला. केनवडहून बाबाच होते, मुलीच्या फोनवरून.

“पोचलो का वं मी?”

“पोचले, बाबा,” मी म्हटलं. “आता सदरा घाला. थंडी हाये.”